दुरडीतलं वाण

विजयश्री : ते नाई आई, मोठी दुरडी. आंब्याखाली ठेवली होती मी, ते.

कौशल्याबाई : ती व्हय? ती घासून पालथी घातलीया न्हानीपाशी. लई चिकाट झालती.

विजयश्री : घासली? अन् तिच्यातलं?

कौशल्याबाई : तिच्यातलं दिलं की.

विजयश्री : दिलं म्हणजे पसरवून दिलं ना? मी आत्ताच मागं जाऊन आली. दोन्ही खाटा रिकाम्या हायेत. जाळीवर एक बी नाई. मले वाटलं, तुम्ही गच्चीवर वाळत टाकलं असंल.

कौशल्याबाई : गच्चीवर कशाला? देवळात नेलं. तू आदी बस बगू. काल पहाटं गेलीस ती दोन-दोन शिफ्टा करून आज आलीस, तोंड बग कसं उतारलंया. च्या ठिवते. गुळाची पोळी हाय कालची, तुझ्यासाटनं झाकून ठिवलीया.

विजयश्री : आई, देवळात काहून नेलं?

कौशल्याबाई : काहून म्हंजी? संक्रांत न्हवती का काल? ववसायला गेलते न्हवं रुक्मिनीच्या देवळात. समद्या आळीच्या बाया आलत्या. पयलं सुगडात घातलं, आन् उरलं ते एकेकीच्या वटीत, ओंजळ ओंजळ. दुरडी पुरली बग बरुबर. एक बाई मोकळी माघारी गेली न्हाई.

विजयश्री : अवं माय. अवं माय माय.

कौशल्याबाई : काय झालं गं? खाली का बसलीस? चक्कर आली का? तरी म्या अजिंक्यला म्हनत व्हते, तुझ्या बायकूला सनाचं तरी घरी राहू दे म्हनावं कंपनीला.

विजयश्री : आई, ते काय बोरं होते?

कौशल्याबाई : बोरं न्हाईत, कॉफीची फळं हायती, म्हाईत हाय की मला. येडी हाय का म्या? पर लाल किती, रसाची किती! सुगडात बोरं घालत्यात, गाजर घालत्यात, हरबऱ्याचं घाटं, उसाची कांडकी. म्या म्हनलं, औंदा बोरांच्या जागी ही. आन् तूच तर सांगितलंस.

विजयश्री : मी? मी सांगतलं?

कौशल्याबाई : मग कोन? सकाळी च्याच्या सुट्टीत कंपनीतनं फोन केलतास का न्हाई?

विजयश्री : केला होता. भोगीच्या संध्याकाळी सगळं पिकलेलं तोडलं, पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकलं, अन् बाकीचं निथळाले ठेवलं. पहाटे बस पकडायच्या घाईत तुमाले सांगायचं राहून गेलं. म्हणून फोन केला. मी म्हणलं, आई, आंब्याखालच्या बियाइले ऊन देऊन टाका.

कौशल्याबाई : काय देऊन टाका?

विजयश्री : ऊन, आई! ऊन! सूर्याचं. बियाइले ऊन देऊन टाका.

कौशल्याबाई : आगं आई गं.

विजयश्री : तुम्ही काय ऐकलं?

कौशल्याबाई : मागं तुझं ते मशीन धडाधडा वाजत व्हतं बग...

विजयश्री : काय ऐकलं, आई?

कौशल्याबाई : म्या ऐकलं, "आंब्याखालचं बायाइले वान देऊन टाका."

विजयश्री : बायाइले वान!

कौशल्याबाई : तू बायकांस्नी बायाइले म्हनतीस न्हवं? लगीन होऊन आलीस तवा मला कळायचं न्हाई तुझं वऱ्हाडी, आता कळतंय. म्या म्हनलं, पोरगी तिकडं मशीनवर उभी हाय, सनाच्या दिशी सुट्टी न्हाई, तरी बी वानाची आठवन ठिवली. सुभद्राबाईला देवळात सांगितलं म्या, सुना अशा असाव्यात. तिला लई झोंबलं. तिच्या सुनंनं सुगडं बी इकत आनली व्हती, भरलेली.

विजयश्री : मी हसू का रडू, काही समजून नाई राहिलं मले.

कौशल्याबाई : हस बाई. रडू नको आज. आज कर हाय, संक्रांतीचा दुसरा दिस. करीला रडलं की वरीसभर रडाय लागतं म्हनत्यात.

विजयश्री : मग मी जाते. आत्ता जाते. मंजुळाबाई, कस्तुरामावशी, सुभद्राबाई, सगळ्याइच्या घरी जाते. सुगडातच पडलं असंल अजून. जितकं हाये तितकं घेऊन येते. अजून वेळ गेली नाई. आज उन्हात पडलं तर वाचंल.

कौशल्याबाई : ए पोरी! खाली बस. वान माघारी मागत्यात का कुठं? आन् ते बी करीच्या दिशी? लोकं तोंडात श्यान घालतील माझ्या. म्हनतील, कौशल्याबाईनं हातानं दिलं आन् सुनंला धाडून काढून नेलं.

विजयश्री : त्याइले काय म्हणायचं ते म्हणू द्या.

कौशल्याबाई : तुला काय जातंय? मला ह्या गावात राहायचंय.

विजयश्री : अन् मले नाई राहायचं काय? आई, तुमाले खरंच नाई समजलं काय गेलं ते?

कौशल्याबाई : फळं गेली. माझ्या चुकीनं गेली. पर झाडावर हायत की आनखी. चार दिसांनी तोडू. ह्या बारीला म्या तुझ्याबरुबर येते तोडायला.

विजयश्री : झाडावर हायेत ते हिरवे हायेत. काही पिवळे. त्यातले निम्मे तर पोकळ निघतात. अशे हिरवे-पिवळे वाळवले तर कॉफी गवतासारखी लागते. बोटानं दाबलं की फुटलं पाहिजे, रस गोड लागला पाहिजे, अशे सारे मी निवडून निवडून तोडले होते. एकेक फळ. पाठ मोडली माझी. औंदाचा तोडा तोच होता, आई. पुढं काही नाई.

कौशल्याबाई : आन् ती पयली? दिवाळीच्या नंतरची? ती व्हती की खाटंवर. म्याच उलथत व्हते रोज.

विजयश्री : त्याच्यात आभाळ आलं नाई का मधातच? तुम्ही उलथत होत्या, झाकत होत्या, सारं केलं तुम्ही. पण ऊनच नव्हतं. घामेजली सारी. अन् मग त्याले वास सुटला.

कौशल्याबाई : व्हय. दारूच्या भट्टीवानी. तुजे मामाजी नाक दाबून म्हनलं, सूनबाईनं गुत्ता काढला काय.

विजयश्री : तेच. ते गणराजभाऊले कसं द्यावं?

कौशल्याबाई : गनराज म्हंजी तो दाढीवाला? पुन्यास्नं आलता तो? कॉफी भाजून इकतो तो?

विजयश्री : हो, तोच. त्यानं झाडं पाहिली तवा काय म्हणला होता? म्हणला, इथं उंची नाई, थंडी नाई, तुमच्या चिखलदऱ्यासारखं इथं नाई होणार. पण सावली चांगली हाये, ओढ्याचा ओलावा हाये. फळ न सोलता वाळवा. सालीसकट, गरासकट. गराचा गोडवा हळूहळू आतल्या बीत उतरते. तसं जमलं तर मी चाखून पाहीन, शिवरात्रीच्या आत.

कौशल्याबाई : मला तवाच हसू आलं. म्हनलं, ह्यात काय शिकायचंय? हिरडा तसाच वाळवत्यात माझ्या माहेरी, मिरची तशीच वाळवतो आपन.

विजयश्री : मिरची जराशी काळी पडली तर भाजीत चालते, आई. ह्याच्यात एक सडका दाना सारी कॉफी खराब करते.

कौशल्याबाई : बरं बाई. न्हाई घेनार तो गनराज तर न्हाई. घरात पिऊ आपन. तुझा बाप यील तवा त्येला पाजू.

विजयश्री : आई, मामाजी काय म्हणले होते दसऱ्याले? आठवा.

कौशल्याबाई : ते लई काय काय म्हनत्यात.

विजयश्री : ट्रेलरवाला आला होता. अंगणात खुर्ची टाकून बसला होता. म्हणला, ओढ्याकडची जागा मले द्या, झाडं काढून मुरूम टाकतो, गाड्या उभ्या करतो. मामाजी त्याले हो म्हणणारच होते. मी मधात बोलली. पहिल्यांदा बोलली मी त्याइच्यासमोर. मी म्हणलं, औंदा फळ धरलं हाये, एक साल थांबा. तवा ते म्हणले...

कौशल्याबाई : "पुन्याचा तो मानूस चाखून हो म्हनला, तर झाडं राहतील. न्हाई म्हनला, तर ट्रेलर."

विजयश्री : आठवते ना?

कौशल्याबाई : आठवतंय.

विजयश्री : अन् आता त्याले चाखाले द्यायचं काय? काहीच नाई. शिवरात्रीले तो येईल, पाहील, अन् जाईल. मग मुरूम येईल. दुरडी नाई गेली आई, झाडं गेली माझी. बाबांनी दिलेली झाडं.

कौशल्याबाई : रुखवतात मांडली व्हती तुझ्या बापानं.

विजयश्री : हसले होते सगळे.

कौशल्याबाई : म्या बी हसले व्हते. खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांच्या रुखवतात फ्रीज, मिक्सर, चांदीचं तुळशीवृंदावन, आन् हितं काळ्या पिशव्यांतली रोपं, वर जरीचं कापड. म्या मनात म्हनलं, यवाई येडा हाय. आन् आता त्याच येड्याला म्या आठवड्याला फोन लावते, पानं पिवळी पडली, काय करू म्हनून.

विजयश्री : बाबा मले सांगतात. म्हणतात, तुझ्या सासूनं माझं डोकं खाल्लं.

कौशल्याबाई : खाल्लं तर खाल्लं. माज्या चपला कुटं हायत?

विजयश्री : कुठी चालल्या तुम्ही?

कौशल्याबाई : मंजुळाबाईकडं. तिथनं कस्तुराकडं. तू दुरडी घे आन् माझ्यामागनं ये.

विजयश्री : आत्ता तर तुम्हीच म्हणलं, आज कर हाये. दिलेलं वाण मागत नाईत.

कौशल्याबाई : कर ऱ्हाऊ दे चुलीत. वानाचं पाप मला लागंल, तुला न्हाई. म्या दिलं, म्या मागंन. सांगंन समद्यांस्नी, ऐकाय कमी येतंय म्हातारीला, चुकून दिलं. हसतील. हसू देत. सर बाजूला.

विजयश्री : नाई सरत.

कौशल्याबाई : आगं ऊन वाया चाललंय! तूच म्हनलीस न्हवं, आज पसरलं तर वाचंल!

विजयश्री : बसा, आई. बसा अगोदर. मले एक सांगा. चुकून ऐकलं, ते ठीक हाये. पण सारंच काहून देऊन टाकलं? देवापुढं चार ठेवायचे, दोघी-तिघीच्या वटीत घालायचे. थोडे घरात ठेवावे, असं वाटलं नाई तुमाले?

कौशल्याबाई : न्हाई वाटलं.

विजयश्री : काहून?

कौशल्याबाई : तुला न्हाई कळायचं ते.

विजयश्री : सांगून तर पाहा.

कौशल्याबाई : ववसा आपल्या रानातला असतो. माझी सासू बाजारातनं कदी काय आनायची न्हाई. गाजर आपलं, घाटं आपलं, गव्हाची ओंबी आपली, बांधावरची बोरं आपली. पाटी डोक्यावर घिऊन देवळात गेलं की बाया म्हनायच्या, आल्या बगा रानवाल्या. मग कंपनी आली, रान गेलं. पैसा आला, त्येची ही घरं झाली, गाड्या झाल्या, मी काय न्हाई म्हनत न्हाई. पर तवापास्नं संक्रांतीच्या आदी मी चाकनच्या बाजारात जाते आन् गाजरं इकत घेते. बोरं इकत. ओंबीसुदीक इकत घ्यायची, जुडी बांधलेली असती. घेताना मान वर करत न्हाई म्या, कुनी वळखीचं बगंल म्हनून. समद्याच घेत्यात, मला ठावं हाय. तरी बी. माझ्या ववशात माझं काय नसतं गं.

विजयश्री : आई.

कौशल्याबाई : आन् काल तुझा फोन आला. म्या आंब्याखाली गेले, वरचं फडकं काढलं, तर ती भरलेली दुरडी. लालभडक. मला कसं झालं काय सांगू. डोक्यावर घिऊन गेले. कमरंत लचक हाय, तरी बी डोक्यावर घिऊन गेले. मंजुळाबाई म्हनली, कौशल्ये, कुटली गं ही बोरं, चाकनची का मंचरची? म्या म्हनलं, आमच्या रानातली. परत दुसरीनं इचारलं, तिला बी म्हनलं, आमच्या रानातली. मग मला ऱ्हावंना. न इचारता बी सांगत सुटले. वटीत घालायचं आन् म्हनायचं, आमच्या रानातलं हाय बरं. हात थांबला न्हाई माझा. दुरडीचा तळ लागला तवा म्या भानावर आले.

विजयश्री : अन् मले वाटलं, तुम्ही फक्त माझ्यासाठी करता ते सारं. उलथणं, झाकणं.

कौशल्याबाई : तुझ्यासाटनंच करत व्हते. काल कळलं, माझ्यासाटनं बी व्हतं.

विजयश्री : आता रडून नका राहू, आई. कर हाये आज. तुम्हीच म्हणलं.

कौशल्याबाई : तू रडतीयास त्येचं काय?

विजयश्री : माझं चालते. आमच्याकडे नाई लागत करीचं असं काही. या, इथं माझ्याजवळ बसा. कुठी जायचं नाई मागाले. तुमचं वाण हाये ते, ज्याइच्या वटीत पडलं त्याइचं झालं. मी बी नाई जात.

कौशल्याबाई : आन् झाडं?

विजयश्री : माहीत नाई. मी मामाजीच्या पाया पडंन.

कौशल्याबाई : त्येचा काय उपेग न्हाई. त्यो मानूस पाया पडल्यावर आनखी आखडतो. लगीन झाल्यापास्नं बगतीया. गप, आलं बग. चप्पल वाजली.

सोपानराव : च्या हाय का घरात? का करीचं च्या बी करायचा न्हाई?

कौशल्याबाई : ठिवते. बसा.

सोपानराव : पारावर काय चाललंय म्हाईत हाय का? रोहिदास कवळी हातात घिऊन बसलाय. म्हनतोय, सोपानराव, तुमच्या बोरात दगुड हाय.

विजयश्री : चावली त्याइनं?

सोपानराव : कडाकडा. गर चाटायचा आन् बी थुकायचं, येवढी अक्कल पायजे. आन् ती मंजुळाबाई, तिनं तर बिया चावून खाल्ल्या म्हनं, मूठभर. तिचा ल्योक सांगत व्हता, आई रातभर डोळं टक्क उघडं ठिवून बसली, पहाटं उठून समदी पितळंची भांडी घासून काढली. सून खूश हाय. म्हनती, आनखी असली तर द्या.

कौशल्याबाई : बया बया. आन् कस्तुरानं?

सोपानराव : तिनं कुंडीत पुरल्यात. पानी घालून वर फडकं बांधलंया. आता मला सांगा, तुमी दोघी का अशा बसलाय? डोळं का लाल हायती? चिखलदऱ्याहून काय फोन आला का? यवाई बरं हायत न्हवं?

विजयश्री : बाबा बरे हायेत.

सोपानराव : मग?

कौशल्याबाई : चूक माझी हाय. तिला काय बोलायचं न्हाई, आदीच सांगते. ती फळं वानाची न्हवती. त्या पुन्याच्या गनराजला चाखाय द्यायची व्हती. तिनं फोनवर ऊन म्हनलं आन् म्या वान ऐकलं. समदं वाटून आले.

सोपानराव : समदं?

कौशल्याबाई : समदं.

सोपानराव : झाडावर काय उरलंय, सूनबाई?

विजयश्री : हिरवं उरलं हाये, मामाजी. त्याच्यानं काही होत नाई.

सोपानराव : म्हंजी तो मानूस आला तर त्येच्या म्होरं ठिवायला काय न्हाई.

विजयश्री : नाई.

सोपानराव : आन् ठरलं काय व्हतं आपलं?

विजयश्री : त्यानं हो म्हणलं तर झाडं राहतील.

सोपानराव : व्हय. तसंच ठरलं व्हतं.

कौशल्याबाई : ठरलं व्हतं, ठरलं व्हतं! कोर्टात ठरलं व्हतं का? एक साल चुकलं तर...

सोपानराव : म्या काय बोललो का? तू च्या टाक. उतू जाईल बग. सूनबाई, फुलं कवा येत्यात ह्या झाडाला?

विजयश्री : फुलं? मार्च-एप्रिलात. पाण्याचा एक शिडकावा बसला की मग सारी एकदमच फुलतात. पांढरी. फांदी दिसत नाई. मोगऱ्यासारखा वास येते. तीन-चार रोजात झडून जातात.

सोपानराव : म्या बगितली न्हाईत कदी.

विजयश्री : तुम्ही मागं येतच नाई, मामाजी. झाडं लावली तवापासून तुम्ही एकदा बी ओढ्याकडे नाई आले.

कौशल्याबाई : विजू.

सोपानराव : बोलू दे तिला. खरं हाय, येत न्हाई म्या. तिथनं कंपनीचं भिताड दिसतं. भिताडापल्याड इहीर व्हती आपली. बुजवली त्येंनी. म्हनून जात न्हाई. म्हनलं, तिथं ट्रेलर उभं ऱ्हायलं म्हंजी बरं, भिताड तरी झाकंल.

विजयश्री : मले माहीत नव्हतं.

सोपानराव : कसं म्हाईत असनार? म्या कुनाला सांगितलं न्हाई. हिला बी न्हाई.

कौशल्याबाई : मला ठावं व्हतं. सांगाय कशाला लागतंय.

सोपानराव : आज रोहिदास कवळी पुसत पुसत मला म्हनला, सोपानराव, औंदा तुमच्या रानातलं वान आलं बाबा आमच्या घरी. म्या म्हनलं, व्हय. उठून आलो. च्या पन न पिता आलो.

विजयश्री : मामाजी, फुलं पाहाले याल काय तुम्ही? असतील तर.

(सोपानरावांचा फोन वाजतो.)

कौशल्याबाई : कोन हाय? ट्रेलरवाला हाय का? उचलू नका. आज कर हाय, आज असलं काय ठरवू नये.

सोपानराव : करीला नवं काय धरू नये, येवढं कळतंय मला. गप बस जरा. हां, बोला शेठ. न्हाई, इसारलो न्हाई. न्हाई वो, दुसऱ्या कुनाला देत न्हाई. अवो, भाड्याचा इषयच न्हाई. तुमी वाडवाल, म्हाईत हाय मला. पर जागा मोकळी कुटं हाय? कोन म्हनलं तुमाला मोकळी हाय म्हनून? पीक उभं हाय रानात.